बसवून पाहिलेली नाव

आमच्या धरणावर वारा आणि पाणी यांची गाठ वर्षातून एकदाच पडते. वैशाख-जेठात वारा भरपूर, पण तेव्हा धरणाच्या पोटात भेगाळलेली माती आणि मधोमध उरलेलं हिरवट डबकं. कार्तिकात धरण काठोकाठ भरलेलं, पण वारा असा पडलेला की पाण्यावरचं वाळकं पान सकाळी जिथे दिसलं तिथेच संध्याकाळी सापडावं. मधे श्रावणातले, पोळ्यापर्यंतचे दोन-तीन आठवडे तेवढे दोघं भेटतात. पश्चिमेकडून वारा येतो, पलीकडच्या रानात साग पांढरट फुललेला असतो, आणि पाण्याला बारीक बारीक चुण्या पडत भिंतीपर्यंत येतात. या वर्षीही ते दिवस आले. मी थर्मासमध्ये चहा घेऊन भिंतीवर येऊन बसलो आहे. कामधंदा काही नाही.

धरणाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की ऐकणारा लगेच वाघ दिसला का म्हणून विचारतो, आणि मला नावेबद्दल बोलायचं आहे.

माझी सगळी नोकरी या भिंतीवर गेली. पाण्यात आकड्यांची एक पट्टी उभी केलेली असते. पाणी तिच्यावर कुठवर आलं ते रोज सकाळी लिहायचं. भिंतीच्या टोकाला खांबावर तीन वाट्यांचं एक यंत्र गरगर फिरतं, त्यावरून वारा किती ते लिहायचं. आयुष्यभर मी वारा लिहिला आणि पाणी लिहिलं. पाण्यात मात्र घोट्याच्या वर कधी गेलो नाही. पोहता येत नाही हे मी कुणाला सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. धरणावरचा माणूस म्हटल्यावर त्याला पोहता येतच असणार, असं लोक धरून चालतात. गावात मला अजूनही, आडनावाला बाबू लावून, थूलबाबू म्हणतात, आणि बाबू माणसानं पाण्यात कशाला उतरायचं.

आमची सुजाता मात्र उतरली. नागपूरला शिकायला गेली आणि कॉलेजातल्या नौदलाच्या तुकडीत नाव घालून बसली. पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा तळहाताची साल गेलेली. आईनं विचारलं तर म्हणाली, शिडाची दोरी ओढून. वर्धा जिल्ह्यात, जिथे समुद्र लोक लग्नानंतर एकदा बघून येतात, तिथे आमच्या जेवणाच्या पाटावर शीड, सुकाणू, डोलकाठी असे शब्द आले. वरणात लिंबू पिळता पिळता ती आम्हाला वाऱ्याच्या तोंडावर नाव कशी चढवतात ते सांगायची. तिची आई ऐकायची. मी मान डोलवायचो.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो श्रावण. मी उन्हाळ्यात निवृत्त झालो होतो. सुजाताला हिवाळ्यातल्या एका मोठ्या शर्यतीत उतरायचं होतं, एकटीनं. शर्यत उघड्या पाण्यावर, जिथे वाऱ्याला आडवं असं काही नसतं. नागपूरच्या तलावावर वारा इमारतींवर आपटून तुकड्यातुकड्यांनी येतो, तिथे शिकून भागणार नव्हतं. दिवाळीनंतर तिला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. म्हणजे तिच्या हातात हा एकच श्रावण होता, आणि त्यासाठी हवी होती एक जुनी, वापरलेली डिंगी. डिंगी म्हणजे शर्यतीची लहान, शिडाची नाव. धरणावर चालवायच्या परवानगीचा कागद मीच ओळखीच्या साहेबाकडून आणून दिला. ते काम मला येत होतं.

नाव घ्यायला जाताना मी सुदामला बरोबर घेतलं. सुदाम माझा लहानपणचा मित्र. बैलांच्या बाजारात दलाली करतो. हिंगणीपासून गिरडपर्यंत कुठल्याही गावात बैल घ्यायचा तर लोक आधी सुदामला गाठतात. शंकरपटात धावणारा बैल वेगळा, नांगराला जुंपायचा वेगळा, आणि दोन्हींत खोट कुठे लपते ते त्याला ठाऊक. सुजाता हसली. म्हणाली, "बाबा, नावेले दात नसतात." पण तिलाही सुदामकाका हवाच होता. लहानपणी त्याच्याच दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत बसून ती पोळ्याला जायची.

नागपूरला एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात टिनाखाली दोन नावा ठेवलेल्या होत्या. डॉक्टर तरुणपणी शर्यती खेळलेले. आता गुडघे धरलेले, म्हणून नावा विकायला काढलेल्या. एक होती रुंद, जड, निळ्या रंगाची, आतून ऐसपैस. दुसरी पांढरी, निमुळती, अंगावर ओरखडे, बसायला म्हणून एक उथळ खाच तेवढी. बाकी सगळं वरून बंद, डब्यासारखं.

सुजाता सरळ पांढरीकडे गेली. गुडघ्यांवर बसून तिनं अंगठ्यानं पाठ दाबून पाहिली, कुठे मऊ लागते का. डोलकाठी रोवायच्या भोकात बोट फिरवलं. शिडाची घडी उलगडून कापड कानाजवळ चुरगळलं. मला नंतर कळलं की शीड नवं असलं की करकरतं, आणि थकलं की जुन्या धोतरासारखं गप्प होतं. हे गप्प होतं. पण त्याच घडीत दुसरं एक लहान शीड निघालं, जोराच्या वाऱ्यासाठी ठेवलेलं, आणि ते करकरत होतं. सुजाताच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. पाहिलं, आणि निळ्या नावेकडे गेलो.

सुदामनं निळीला बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं, सांधे पाहिले, मागे उभं राहून बांधा पाहिला. "अंगानं चांगली आहे," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "निवांत फिरायला हिच्यासारखी नाव नाही. मी आणि आमच्या बाईसाहेब हिच्यातच जायचो. मात्र जोराच्या वाऱ्यात हिला दोघं लागतात." त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. शेवटचं कानावर पडलं, पण मी ते घेतलं नाही.

मला काय दिसत होतं ते आज सांगतो. निळी रुंद होती. रुंद म्हणजे पलटणार नाही. पांढरीकडे नुसतं बघितलं तरी मला ती आडवी झालेली दिसायची आणि पाण्यात माझी पोरगी दिसायची. पण हे मी बोललो नाही. भीती वाटते एवढं म्हणायचं सोडून मी रंगाबद्दल बोललो, सांध्यांबद्दल बोललो, जाड बुडाबद्दल बोललो. सुजाता थोडा वेळ पांढरीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमाले ही पसंत आहे तं ठीक आहे, बाबा." आमच्या घरात मुली फार वाद घालत नाहीत. त्याचा फायदा बाप घेतात.

निघताना सुदाम दाराशी थांबला. "बाबू, एक राह्यलं," तो म्हणाला. "बैल घ्याचा तं त्याले बसवून पाहा लागते. उभा बैल कोनालेई चांगला दिसते. बसला का उठते कसा, त्याच्यात त्याचं सारं समजते. हिले काऊन नाई बसवून पाह्यलं?"

आम्ही सगळे हसलो. डॉक्टरही हसले. अंगणात नाव बसवायची कशी. सुदामही मग हसला, पण जरा उशिरानं.

मला तो श्रावण आठवतो तो वासांनी. ओल्या दोरीचा वास, चिखलात रुतलेल्या ट्रॉलीच्या चाकांचा वास, सुजाताच्या आईनं डब्यात दिलेल्या तरोट्याच्या रानभाजीचा वास. वर्षावासाचे दिवस होते. संध्याकाळी विहारात वाचन असायचं. तिची आई पांढरं लुगडं नेसून तिकडे जायची, आणि आम्ही दोघं सकाळी धरणावर. सकाळचा वारा शहाण्यासारखा वागायचा. निळी संथ जायची, संथ यायची. मी भिंतीवरून बघायचो आणि मनात म्हणायचो, बघा, बरोबर घेतली की नाही. काठावरची गुराखी मंडळीही बघायची. एक म्हातारा रोज विचारायचा, इंजिन कुठी आहे. सुजाता रोज वर बोट दाखवायची, आणि तो रोज आभाळाकडे बघत राहायचा.

पण तिला सकाळचा वारा नको होता. हवा होता दुपारनंतरचा. आणि एका दुपारी तो आला.

मी भिंतीवर होतो. मागे खांबावरच्या वाट्या इतक्या वेगानं फिरत होत्या की नोकरीत असतो तर हातातलं काम टाकून लिहायला धावलो असतो. निळी मधोमध होती. एक झोत आला, शीड पाण्याला टेकलं आणि नाव आडवी झाली. इथवर काही विशेष नाही, असं तिनं मला शंभरदा सांगितलेलं होतं. सुजाता पोहत मागे गेली, तळातून निघालेल्या फळीवर चढली, आणि स्वतःच्या वजनानं तिनं नाव उभी केली. उभी झाली तेव्हा निळीचं ते ऐसपैस पोट काठोकाठ भरलेलं होतं. पाण्याची डोण झालेली. सुजाता आत चढायला गेली की सगळं पाणी तिच्या बाजूला धावायचं आणि नाव पुन्हा लवंडायची. तिनं पुन्हा उभी केली. पुन्हा लवंडली. किती वेळा ते मी मोजलं नाही, आणि मोजणं हाच तर माझा धंदा होता.

शेवटी ती पालथ्या नावेवर बसली. लांबून मला हात केला, मी ठीक आहे म्हणून. वारा तिला घेऊन चालला होता, कडेच्या बाभळीकडे. माझ्या हातात खांद्यावरचा दुपट्टा होता, तो मी हलवत होतो. कशासाठी, माहीत नाही. तिला बोलावून ती येणार नव्हती आणि मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. अर्ध्या तासानं एका मासेमारानं डोंगा नेला आणि दोघांनी मिळून निळी ओढत आणली. तेवढा अर्धा तास मी त्या भिंतीवर जसा होतो तसा जन्मात कुठे नव्हतो.

सुजाता काठावर आली. ओठ निळे पडलेले, पण चेहरा शांत. केस पिळत म्हणाली, "पलटाचं तं असतेच, बाबा. उघड्या पाण्यावर सारेच पलटतात. पलटल्यावर एकटीनं उठता आलं पाहिजे. ही मले उठवता नाई येत."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तेही नावेबद्दलच बोललो. तिचं पोट खोल आहे, पाणी निघून जायला वाट नाही, वगैरे. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तुमाले भेव वाटलं म्हनून तुमी ते घेतली. तं मंग भेव वाटते असं म्हना नं तिले. नावेले काऊन मधात घालता?"

मी बाहेर आलो. सुजाता ओसरीवर दोरीचा गुंता सोडवत बसली होती. मी म्हटलं, "सुजा, मले पोहता येत नाई." ती म्हणाली, "मले माहीत आहे." मी म्हटलं, "पांढरी पाह्यली की मले भेव वाटे." ती म्हणाली, "तेई माहीत आहे, बाबा." थोडा वेळ आम्ही दोघं मिळून गुंता सोडवत बसलो. इतकं सोपं होतं ते, आणि मी त्याला एक अख्खी नाव मधे आणली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नागपूर. डॉक्टर आम्हाला बघून म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला." एवढंच म्हणाले आणि निळी उतरवून घेतली. या वेळी सुजातानं पांढरीच्या बुडाजवळच्या भोकाला तोंड लावून आत हवा फुंकली, आणि सुदामनं सांध्यांवर साबणाचा फेस फासला. फुगा कुठे येतो का बघत आम्ही तिघं आणि ते डॉक्टर, असे चारही जण नावेवर वाकून उभे होतो. एकाच जागी एक बारका फुगा आला. सुजातानं तिथे खडूनं खूण केली. "एवढं बुजवता येते," ती म्हणाली. बंद पोटात हवा भरलेली, म्हणून ही नाव पाणी पोटात घेतच नाही. पाणी तिच्या पाठीवरून वाहून जातं. मी जिला आडवी पडणारी म्हणून घाबरलो, ती पडल्यावर उठण्यासाठीच घडवलेली होती.

धरणावर आणल्यावर सुदामनं कुणाला काही करू दिलं नाही. "आधी बसव इले," तो म्हणाला. सुजाता छातीभर पाण्यात गेली आणि तिनं नाव मुद्दाम पालथी पाडली. मग फळीवर पाय देऊन, काठ धरून मागे झुकली. नाव सळसळत वर आली, पाणी मागच्या वाटेनं निघून गेलं, आणि सुजाता एका बाजूनं आत सरकून दोरी हातात घेऊन बसलीसुद्धा. काठावरच्या गुराख्यानं इंजिनाबद्दल त्या दिवशी विचारलं नाही. सुदामनं मान हलवली. एखाद्या खोंडाचा सौदा पक्का करताना तो अशीच मान हलवतो.

श्रावणाचे उरलेले दिवस ती रोज दुपारी जायची. लहान शीड लावायची, तिच्या अंगाला पेलेल एवढं. रोज पलटायची. पहिले काही दिवस मी उठून उभा राहायचो. मग नुसता ताठ व्हायचो. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की ती पलटली तेव्हा मी शेंगा सोलत होतो आणि सोलतच राहिलो.

शर्यत ती जिंकली नाही, हेही सांगून टाकतो. जवळच्या कारंजाहून रात्रीच्या गाडीनं निघालो होतो मी आणि सुजाता, इतक्या लांब. शेवटच्या दिवशी वारा असा सुटला की कितीतरी नावा अर्ध्यातून माघारी फिरल्या. सुजाता दोनदा पलटली, दोनदा उठली, आणि शेवटची खूण ओलांडून आली. पुढे कितीजण होते ते मी तिला विचारलं नाही. आता ती दूर समुद्राकाठच्या गावात नोकरी करते आणि पोळ्याच्या सुट्टीत घरी येते. तिकडे एवढा समुद्र असून पांढरी तिनं नेली नाही. म्हणते, ती इथली आहे. आत्ता या घडीला ती धरणाच्या मधोमध आहे आणि पांढरी शीड टेकवून आडवी पडली आहे. माझा चहा निवत चालला आहे, तो मी आधी पितो.

पण मला सांगायचं होतं ते तीन वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणातल्या, शेवटाकडच्या एका संध्याकाळचं. उद्या पोळा, म्हणून घरोघरी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सुजतात, तर आदल्या संध्याकाळी ते तूप-हळदीनं चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. सुदामचे बैल झाले आणि तो वाटी घेऊन सरळ धरणावर आला. पळसाचं पान हातात.

"बाई, हिचा खांदा कोनता?" त्यानं सुजाताला विचारलं.

तिनं विचार केला आणि तळातून निघणारी ती फळी दाखवली. "इच्यावर पाय देऊन उठवतो हिले. पन काका, इले तूप नका लावू. पाय घसरीन."

सुदाम वाटी घेऊन तसाच उभा राहिला.  मला हसू आलं, आणि हसता हसता मी काय म्हणून गेलो ते माझं मलाच नंतर ऐकू आलं. मी म्हटलं, "मले घेऊन चाल."

 सुजातानं पोहण्याचं जाकीट माझ्या अंगात घातलं, पट्टे ओढून पाहिले, पुन्हा ओढून पाहिले. आम्ही काठापासून आत गेलो. मी त्या उथळ खाचेत गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. वारा उतरणीला लागलेला. पाणी इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरून ते नेहमी एक आकडा असायचं. "बाबा, आता बसवतो," ती म्हणाली आणि तिनं शिडाची दोरी सोडली नाही, ताणूनच धरली.

नाव कलली आणि मी गेलो. नाकातोंडात पाणी, कानात घू घू, आणि कोमट. एवढंच आठवतं, की पाणी कोमट होतं. मग जाकिटानं मला वर फेकलं. पायाखाली काही नव्हतं. सुजाताचा आवाज अगदी जवळून आला, वरणावर लिंबू पिळताना बोलायची तसा. "फळी धरा. आता तिच्यावर छाती टाका. काही करू नका, नुसतं वजन टाका."

मी वजन टाकलं. आयुष्यभर भीतीचं जे ओझं पोरीच्या पायात अडकवत आलो होतो, ते सगळं वजन त्या फळीवर टाकलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग शीड पाण्यातून सुटल्याचा आवाज झाला, आणि नाव हळूहळू माझ्यासमोर वर उठली.

"तुमीच उठवली," सुजाता म्हणाली. "मी हात नाई लावला."

काठावर येऊन मी जाकीट आणि ओला सदरा काढला. सुदाम वाटी घेऊन होता तिथेच उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"बाई, आज कोनाले बसवून पाह्यलं? नावेले का बापाले?"

"दोघाईले," ती म्हणाली.

"मंग? उठले का?"

 उत्तर माझ्यावर सोडलं तिनं.

"उठलो," मी म्हणालो.

सुदामनं पळसाचं पान वाटीत बुडवलं आणि ते तूप-हळद माझ्या ओल्या खांद्यांना चोळलं, आधी एका, मग दुसऱ्या. "उद्या जेवाले येजो, बाबू," तो म्हणाला.